आत्याबाईंचं ‘हं’

कडुनिंबाचा मोहोर गच्चीवर पडायला लागला की माझं चित्त ठिकाणावर राहत नाही. सकाळी झाडून घ्यावं, तर दुपारपर्यंत पुन्हा तोच बारीक पांढरा सडा. मी उगाचच जिना चढते, उतरते. टाकीत पाणी किती उरलंय ते बघते, गव्हाच्या कोठीचं झाकण काढून आत हात घालते, मागच्या वर्षीचं प्लास्टिक उलगडते आणि काही न करता परत घडी घालून ठेवते. नवरा कूलरसमोर पेपर धरून बसलेला असतो. तो म्हणतो, "अगं, पायाला भिंगरी लागलीय का? बस की दोन मिनिटं." लागलीय खरी. दर चैत्रात लागते. वाळवणाचे दिवस आले की मला बसवत नाही, आणि का बसवत नाही ते त्याला समजावायला बसले तर तिकडं भिजवलेले गहू आंबून जातील.

काल सकाळी पहिल्या घाण्याच्या कुरडया घातल्या. उन्हात ओळीनं मांडलेल्या, चांगल्या दिसत होत्या. फोटो काढला, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, आणि तेव्हापासून किती वेळा फोन उघडला ते विचारू नका. निळ्या खुणा आल्या. म्हणजे बघितलंय सगळ्यांनी. पण कुणी नुसता अंगठासुद्धा दाखवला नाही. तेवढ्यात धाकट्या जावेनं कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक टाकला, त्याच्यावर फुलं, टाळ्या, बदाम यांचा पाऊस पडला आणि माझ्या कुरडया वर सरकून दिसेनाशा झाल्या. मला वाईट वाटलं. पन्नाशीला आलेली बाई मी, लेक सासरी नांदतेय, आणि कुरडयांना कुणी ‘मस्त’ म्हटलं नाही म्हणून रुसून बसलीय. हात् तुझ्या, असं स्वतःला म्हणते आणि परत फोन उघडते.

ही खोड जुनी आहे. देवगाव रंगारीला, माहेरी, मी पहिली भाकरी थापली तेव्हा ती तव्यावर फुगतेय की नाही हे मी बघितलंच नाही. मी चुलीकडं पाठ करून दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तोंडाकडं बघत उभी होते. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा दादा म्हणाले, "पोरी, भाकर तिकडं हाय. माझ्या तोंडावर नाय भाजायली ती." सगळे हसले, मीही हसले. पण शहाणपण काही आलं नाही. शाळेत गणित सुटलं तरी बाईंची बरोबरची खूण पडेपर्यंत ते सुटलंय असं वाटायचं नाही. आता चिकलठाण्याला एका कारखान्याच्या ऑफिसात बसते, तर माल रवाना झाल्याचं कळवल्यावर साहेबांचं ‘ओके’ येईपर्यंत माझा जेवणाचा डबा उघडत नाही. साडी नेसले की नवऱ्याला विचारते, "कशी दिसते?" तो पेपराआडून म्हणतो, "छान." एकदा मुद्दाम, पोतेरं झालेला गाऊन घालून विचारलं. तरी "छान"! म्हणजे त्या ‘छान’ला काही अर्थ नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी ते ऐकल्याशिवाय पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाही. आता काय म्हणावं या जिवाला!

पण या सगळ्यांच्या वरचा पाट आत्याबाईंचा. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात. या घरात रीत अशी, की सालाचं काही शिजलं, कुरडयांचा चीक असो, लोणच्याचा खार असो नाहीतर सणाचं पुरण असो, करणारीनं ते आधी तोंडाला लावायचं नाही. पहिला घास घरातल्या मोठ्या बाईच्या तळहातावर. तिनं होकार दिला की मग बाकीच्यांच्या वाट्या. मी नवी सून होते तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात आत्याबाईंनी हात पुढं केला. मी वाफाळता चीक त्यावर ठेवला. त्यांनी फुंकर घातली, घास तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हं."

बस. एवढंच. बरा नाही, वाईट नाही. "हं."

त्या ‘हं’चा अर्थ लावण्यात माझी निम्मी उमर गेली. आखूड हं म्हणजे चालेल. नाकातून आलेला हं म्हणजे मीठ कमी आहे, पण बोलायचं नाही. हं म्हणून पदरानं ओठ पुसले तर तिखट झालंय. आणि हं म्हणून दुसऱ्या घासासाठी हात पुढं आला, की मग विचारू नका, मी दिवसभर गुणगुणत फिरायची. नणंद चिडवायची, "वहिनी, अगं आईच्या घशात खवखवतंय म्हणून ती हं करती, आणि तू त्याची पोथी करून वाचती." मी ओशाळायची. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी घेऊन त्यांच्यासमोर उभी. जीव कानात आणून.

मग ती करोनाची लाट आली. आत्याबाई तापानं फणफणल्या. मी दारातून ताट आत सरकवायची आणि त्या खोकत खोकत ते ओढून घ्यायच्या. त्या उठल्या ही देवाची कृपा. पण उठल्यावर त्यांचा हं बदलला. आधी तो लांबला. "हंऽऽ." मग एक दिवस त्याच्यापुढं शब्द आला, "हंऽऽ, छान." माझ्या हातातली पळी हातातच राहिली. त्यानंतर आमटी केली, छान. गवार केली, लई छान. मला वाटलं, मरणाच्या दारातून परत आलेलं माणूस मवाळ होतं, आणि उशिरा का होईना पण माझी पावती मला मिळाली. बहिणीला फोन करून सांगितलं. त्या काळात मी स्वयंपाकघरात जशी मिरवले, तशी स्वतःच्या लग्नातसुद्धा मिरवले नव्हते.

लग्नात तर मिरवायची सोयच राहिली नव्हती. रुखवतातल्या कुरडया मी माझ्या हातानं केल्या होत्या. देवगावच्या मांडवात लांब टेबलावर त्या मांडलेल्या, शेजारी पापड, शेवया आणि लोकरीची बदकं. मी मुंडावळ्या बांधून बसलेली. आणि मागून वऱ्हाडातल्या कुणा बाईचा आवाज आला, "कुरडया जरा काळपट पडल्या की गं!" झालं. भटजी मंगलाष्टकं म्हणत होते, अक्षता डोक्यावर पडत होत्या, आणि मी नवरी एकाच विचारात होते, की भिजवलेल्या गव्हाचं पाणी बदलायला शेवटच्या दिवशी उशीर झाला होता का. ती बाई कोण होती ते मला आजही ठाऊक नाही. तिचं तोंडही मी पाहिलं नाही. पण तिचं ते वाक्य माझ्याबरोबर सासरी आलं आणि माझ्यापेक्षा सुखानं नांदलं.

म्हणून प्राजूचं, माझ्या लेकीचं, लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात मी हट्टालाच पेटले. स्थळ कन्नड गावचं. मका, आलं, ऊस, मोठं खटलं, माणसांचा राबता. मी ठरवलं, रुखवताच्या कुरडया अशा करायच्या की कन्नडकरांनी तोंडात बोट घालावं. प्राजू म्हणाली, "मम्मी, रुखवत आता भाड्यानं मिळतं. डेकोरेशनवाले आणून मांडतात आणि संध्याकाळी घेऊन जातात."

"मी मेल्यावर आण भाड्यानं," मी म्हटलं.

ज्यांनी केलं नसेल त्यांना सांगते, कुरडई हे धीराचं काम आहे आणि माझ्यात धीर नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. वाटायचे, गाळायचे, सत्त्व खाली बसू द्यायचं. घरभर आंबूस वास. मग भल्या सकाळी मीठ-हिंग घातलेल्या आधणात ते सत्त्व ओतून घोटत राहायचं, तो झाला चीक. गरम आहे तोवरच सोऱ्यात भरून प्लास्टिकवर कुरडया पाडायच्या. थंड झाला की सोऱ्या फिरता फिरत नाही, तळहाताला वळ उठतात. म्हणून मदतीला शेजारच्या निकम वहिनी आल्या होत्या. जिन्याच्या खोलीच्या सावलीत आत्याबाई खाटेवर बसलेल्या. शेगडीवर आधण ठेवलेलं. मला त्या दिवशी चतुर्थी. आणि तेवढ्यात खालून आरोळी आली, "नळ आलाऽऽ!"

आमच्या या शहरात नळ येणं हा एक सण आहे. तो रोज येत नाही आणि सांगून येत नाही. आला की माणसं साबणासकट न्हाणीतून बाहेर येतात, पूजेतली घंटी खाली ठेवून उठतात. मी "वहिनी, जरा बघा" म्हणाले आणि दोन-दोन पायऱ्या उतरत पळाले. मोटर लावली, पाइप टाकीत सोडला, पिंपं लावली. वर आले तर वहिनी पदर खोचून निघालेल्याच, कारण नळ त्यांच्याकडंही आला होता. आधण उकळत होतं. मी त्यात मीठ घातलं, हिंग घातला, सत्त्व ओतलं आणि घोटायला लागले. वहिनी नवऱ्याच्या हातात पाइप देऊन धापा टाकत परत आल्या. चीक शिजला, चकाकायला लागला. मी पहिला घास घेऊन आत्याबाईंपुढं उभी राहिले.

"हंऽऽ," त्या म्हणाल्या. "छान. लई छान झालाय."

मग काय! आम्ही दोघींनी अक्षरशः झपाटल्यासारख्या कुरडया पाडल्या. वाटीत घेऊन चीक खायला वहिनींना वेळ नव्हता आणि मला उपास. एक विमान चिकलठाण्याला उतरताना डोक्यावरून गेलं, प्लास्टिक फडफडलं, आम्ही चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. पांढऱ्याशुभ्र कुरडया गच्चीभर. काळपट म्हणणाऱ्या त्या बाईला आणून दाखवाव्या असं वाटलं.

वाळल्यावर एक तळून बघितली. तेलात टाकल्याबरोबर फुलली. प्राजूनं मोठा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि तशीच बेसिनकडं पळाली. "मम्मी! समुद्र आहे का हा?" मी कणभर जिभेवर ठेवला. अक्षरशः जीभ आखडली. वहिनींना हाक मारली, तर त्या कठड्यावरून म्हणाल्या, "अगंबाई! आधणात मीठ तर मी घातलं होतं. तूच म्हणालीस ना, जरा बघा म्हणून?" म्हणजे त्यांनी घातलं, मग मी घातलं. एका नळाच्या आरोळीनं सगळा घाणा खारट करून टाकला होता.

पण खरं सांगते, मला मिठाचं काही वाटलं नाही. दोन बायका एका पातेल्यावर असल्या की मीठ दोनदा पडतं. मला वाटलं ते वेगळंच. तो चीक आत्याबाईंनी खाल्ला होता. डोळे मिटून, चावून चावून खाल्ला होता. मग ‘लई छान’ कुठून आलं?

मी तळलेली कुरडई ताटलीत घेऊन त्यांच्याकडं गेले. त्यांनी ती सगळी खाल्ली. घोटभर पाणीसुद्धा मागितलं नाही. "कुरकुरीत झालीय," म्हणाल्या.

"मीठ कसंय?"

"हं. बराबर हाय."

मी खाटेवर त्यांच्या शेजारी बसले. "आत्याबाई, तुम्हाला चव लागत नाही ना?"

त्या मांडीवर पडलेला चुरा बोटानं टिपत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या तापापासून नाय लागत. समदं सारखंच. भाकर काय नि गूळ काय."

"अहो, मग सांगायचं नाही का? डॉक्टरला दाखवलं असतं."

"सांगून काय करू? उद्यापासून मला कोण इचारील?" त्यांचा आवाज एकदम चढला. "तू घास आणती, माझ्या हातावर ठिवती, माझ्याकडं बघत उभी ऱ्हाती. तेवढंच तर ऱ्हायलंय माझ्याकडं. चव लागत नाय म्हणले असते तर तू तुझी वाटी घिऊन त्या निकमीणबाईकडं गेली असतीस. नाय गेली असतीस व्हय?"

गेले असते. एका पायावर गेले असते.

आधी मला राग आला. खूप राग आला. इतक्या दिवसांची ती सगळी ‘छान’ मी बहिणीला सांगितलेली, मनात पुन्हा पुन्हा काढून बघितलेली, ती एका माणसानं माती चावल्यासारखं चावून माझ्यापुढं टाकली होती. मी तडक खाली गेले आणि भांडी आपटली. दोन भांडी आपटून झाल्यावर हात थांबले. मला आठवलं, ताप गेल्यावर त्या दर जेवणाला वेळेच्या आधी येऊन बसायच्या. मला वाटायचं, भूक लागत असेल. त्या विचारलं जाण्याची वाट बघत असणार. इतकी वर्षं मी समजत होते की देणाऱ्या त्या आणि मागणारी मी. त्यांच्या ‘छान’वाचून माझं अडत होतं, तसं माझ्या ‘कसं झालंय?’वाचून त्यांचं अडत होतं. आम्ही दोघी एकमेकींच्या दारात उभ्या होतो आणि दोघींच्याही घरात काही नव्हतं.

पण लग्न तोंडावर होतं. रडत बसायला सवड नव्हती. गहू पुन्हा भिजवले. या खेपेला वहिनी गावी गेलेल्या, लग्नसराईच ती. मी एकटीनं घोटलं. चीक चकाकायला लागला, मी सवयीनं घास घेतला आणि खाटेपाशी गेले. आत्याबाईंनी हात पुढं केलाच नाही. तळहात मांडीवर पालथा ठेवून त्या समोर बघत राहिल्या. "मला कशाला? तुला ठाऊक हाय आता," म्हणाल्या. 

मग मी तो घास स्वतःच्या तळहातावर घेतला. चटका बसला. तोंडात टाकला. आणि गंमत बघा, मला काही कळेना! माझी जीभ धडधाकट, मला ताप नाही, काही नाही, पण निकालच लागेना. मीठ कमी आहे का? बरोबर आहे का? दुसरा घास घेतला. आता तर जास्तच वाटतंय. तिसरा घेतला. घाम फुटला. जन्मभर मी घास गिळत होते आणि चव मात्र समोरच्याच्या तोंडावर बघत होते. आता समोर तोंडच नव्हतं. चीक थंड होत चाललेला. तेवढ्यात पलीकडच्या गच्चीवर शबाना आपा कपडे वाळत घालायला आल्या. "क्या भाभी, कुरडई डाल रहे क्या?" मला देवच भेटल्यासारखं झालं. मी वाटी भरून कठड्याकडं निघाले.

"कुठं निघालीस?" आत्याबाई खाटेवरून कडाडल्या. "माझं नाय तर तिचं! दुसऱ्याच्या तोंडाकडं काय बघती? तुझ्या तोंडात काय हाय ते बघ की!"

मी थांबले. आपा हातात ओली चादर धरून बघत राहिल्या. मी डोळे मिटले, आत्याबाई मिटायच्या तसे, आणि घास नुसता जिभेवर ठेवला. हिंग आला. गव्हाचा गोडसरपणा आला. मागून मीठ आलं, जरासं कमी. आणि मग लक्षात आलं, ओल्या चिकात मीठ जरा कमीच पाहिजे, कारण वाळल्यावर ते चढतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या हाताला ते ठाऊक होतं, दर साली मी मीठ तसंच घालत आले होते. फक्त कुणाच्या तरी ‘हं’शिवाय मला ते माझं वाटत नव्हतं. "बरोबर आहे," मी मोठ्यानं म्हणाले. मग वाटी आपांना दिलीच, पण खायला दिली.

आता इथं लिहावं की तेव्हापासून मन शांत झालं, तर ती थाप होईल. त्या कुरडया वाळेपर्यंत मी वेड्यासारखी जिना चढत-उतरत होते. कडेचा तुकडा मोडून चावायची, खाली यायची, पुन्हा वर. दुसऱ्याच्या ‘हं’वर विसंबण्यात एक मोठं सुख असतं, चुकलं तर अर्धा दोष त्याचा. "तुम्हीच तर छान म्हणालात" असं म्हणता येतं. आपल्या जिभेवर विसंबलं की ढकलायला कुणीच उरत नाही. माणसं इतक्या सहजासहजी दुसऱ्याला विचारत फिरतात ती काय उगाच? एकट्यानं ‘बरोबर आहे’ म्हणायला छाती लागते, आणि माझी छाती तेव्हाही धडधडत होती, आजही धडधडते.

लग्नाच्या दिवशी रुखवत मांडलं. डेकोरेशनवाल्यानं माझ्या कुरडयांवर चकचकीत कागद गुंडाळला, लाल फीत बांधली, वर दिव्यांची माळ सोडली. कन्नडचं वऱ्हाड आलं, टेबलाभोवती गर्दी झाली, पोरींनी फोटो काढले. चाखून कुणीच बघितली नाही! अहो, रुखवत कधी कुणी खातं का? खारट घाणाच मांडला असता तरी कुणाच्या बापाला कळलं नसतं. मला कळलं असतं, एवढंच. प्राजूची चुलतसासू टेबलापाशी बराच वेळ वाकून बघत होती. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "विकत आणल्या व्हय?"

हे कौतुक होतं की टोमणा? माझं जुनं यंत्र लगेच सुरू झालं. विकतसारख्या देखण्या, की घरच्या म्हणून ठेवायच्या लायकीच्या नाहीत? आवाज कुठून आला, नाकातून की गळ्यातून? मग मंगलाष्टकं सुरू झाली. मी म्हटलं, "नाय, मी केल्यात," आणि लेकीच्या मागं जाऊन उभी राहिले. या वेळी अक्षता मला दिसल्या. प्राजूच्या केसांत अडकलेला एक दाणा मी हळूच काढला.

खारट कुरडया फेकल्या नाहीत. भिजत घालून, पाणी पिळून त्यांची भाजी करत गेले. सगळा पावसाळा त्या पुरल्या आणि मिठाचा डबा तेवढ्यापुरता बंद राहिला. आत्याबाई खायच्या आणि म्हणायच्या, "ही कशी झालीय ते मला इचारू नको."

आता पुन्हा तेच ऊन आहे, तोच आंबूस वास. आत्याबाई थकल्यात, पण चैत्रात खाट गच्चीवर नेलीच पाहिजे म्हणून भांडतात. आंबट तेवढं आता जरासं लागतं म्हणतात. आज सकाळी दुसरा घाणा घातला. आता मी रीत मोडलीय. पहिला घास माझ्या जिभेवर, दुसरा त्यांच्या तळहातावर. मी तो त्यांचा मान म्हणून ठेवते. त्या डोळे मिटतात, चावतात, "हं" म्हणतात. मी आता तो हं उलगडत बसत नाही. निदान प्रयत्न तरी करते.

कुरडया पाडून होतात न होतात तोच फोन वाजला. प्राजूचा, व्हिडिओवर. तिकडं कन्नडला तिची सासू कुणाच्या लग्नाला गेलेली, आणि हिनं पहिल्यांदाच एकटीनं चीक शिजवायला घेतलेला. पडद्यावर नुसती वाफ. त्या वाफेतून तिचं घामेजलेलं तोंड. "मम्मी, बघ ना! झालाय का बरोबर? लवकर सांग, थंड होतोय."

तिनं फोन पातेल्यावर धरला. चीक चांगला चकाकत होता. ‘छान झालाय गं,’ एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. आणि काय सांगू, किती गोड वाटलं! कुणीतरी पातेलं पुढं करून आपल्या तोंडाकडं बघतंय. कालपासून त्या ग्रुपवर मी जे शोधत होते, त्याच्या दुप्पट मला एका क्षणात मिळालं. खाटेवर आत्याबाई कान देऊन बसल्या होत्या. चव गेल्याचं त्यांनी का सांगितलं नाही, हे मला त्या उन्हाळ्यात समजलं होतं, पण कळलं ते आज.

"फोनमधून मला चव लागते का गं?" मी म्हटलं. "तू चाखलास का?"

"नाही अजून. तू सांग ना आधी, दिसायला कसाय?"

"हातावर घे."

तिनं फोन डब्याला टेकवून ठेवला. घास तळहातावर घेतला, फुंकर घातली, तोंडात टाकला. आणि चावता चावता मान वर करून थेट माझ्या तोंडाकडं बघायला लागली. दादांच्या तोंडाकडं बघत मी उभी होते, अगदी तशीच. माझ्या चेहऱ्यावर काय उमटतंय ते तिला वाचायचं होतं. माझा चेहरा हसायला लागलाच होता.

मी फोन कठड्यावर पालथा घातला.

"मम्मी? दिसत नाहीस तू. मम्मी, ऐकतेस ना? कसाय सांग ना!"

मी पदराचं टोक दातांत धरून उभी राहिले. उचलावा का? कमी असेल का मीठ? सासरचा पहिला घाणा पोरीचा, नासला तर? हात दोनदा फोनकडं गेला आणि दोनदा मागं घेतला.  बऱ्याच वेळानं पळी पातेल्याच्या काठावर आपटल्याचा आवाज आला, आणि तिचा आवाज आला, हळू, स्वतःशीच बोलल्यासारखा.

"मीठ जरा कमीये... राहू दे. असंच बरोबर आहे." मग घाईनं, "ठेवते गं, सोऱ्या भरायचाय."

फोन बंद झाला. ‘हो ना?’ असंसुद्धा तिनं विचारलं नाही. मला जरा लागलं, खोटं कशाला बोलू.

"काय इचारीत व्हती पोर?" आत्याबाई म्हणाल्या.

"काही नाही. विचारायचं राहूनच गेलं तिचं."

"हं," आत्याबाई म्हणाल्या.

मी फोन उचलला. ग्रुपवर काहीतरी आलं होतं, आकडा दिसत होता. ऊन डोक्यावर येत होतं आणि कालच्या कुरडया उलटायच्या राहिल्या होत्या. मी फोन आत्याबाईंच्या उशाशी ठेवला आणि कुरडया उलटायला गेले.